पाचवी तार अजनीला चढते

नागपुरात बँजो म्हणजे बटणांचा.
टाइपरायटरसारखा पुढ्यात घ्यायचा,
टेम्पोवर चढवायचा, पिकअप लावायचा
आणि चौदा एप्रिलला इंदोऱ्यापासून संविधान चौकापर्यंत
बोटं सुजेस्तोवर वाजवायचा.
तसले चाळीसेक दर वर्षी दुरुस्त करतो मी,
कमाल चौकातल्या ह्या सहा बाय आठच्या दुकानात.
म्हणून नॉर्माबाईंनी पेटी उघडली तेव्हा विचारलं,
मॅडम, ह्याची बटणं कुठं पडली?

हसल्या नाहीत.
अजनीच्या रेल्वे क्वार्टरात तीस वर्षं,
मिस्टर मालगाडीचे गार्ड, मार्चमध्ये वारले.
बँजो विकायचा होता.
विकण्याआधी एकदा बोलता करायचा होता.
लांब मान, डफासारखं पोट,
कातडं मधोमध फाटलेलं.
सेहेचाळीस डिग्रीत लोखंडी कपाटावर ठेवलं
तर माणसाचंही फाटेल.

कातडं मोमिनपुऱ्यातून आणलं,
ढोलकीवाल्या कय्यूमभाईंकडून, बकरीचं.
रात्रभर भिजवून कडीत ताणलं.
चार तारा समजल्या.
पाचवीची खुंटी मात्र मानेच्या अर्ध्यावर, बाजूला,
जणू ही नागपूरला गाडीत बसलीच नाही,
अजनीला चढली.
आखूड, बारीक, सगळ्यांच्या वरचा सूर.
तिला दाबत नाहीत, बाई म्हणाल्या,
अंगठा येता-जाता फक्त छेडतो.
बाकीच्या फिरून येतात. ती आपली तिथंच.

पेटीच्या कप्प्यात एक कॅसेट.
कव्हरवर पाच माणसं, कोटातली, एकाच माईकभोवती.
ज्याची पाळी तो पुढे, बाकीचे मागे सरकलेले.
आमच्या पार्टीत असं कुणी सरकत नाही.
ब्लूग्रास म्हणतात ह्याला, त्या म्हणाल्या, निळं गवत.
मॅडम, इथं मे महिन्यात पिवळंसुद्धा उरत नाही.
ह्या वेळी हसल्या.

दुपारी शटर अर्धं ओढून टेप लावला.
ना ढोल, ना ताशा,
ठेका धरून होतं एक मेंडोलिन,
आणि तीन नख्यांचा बँजो असा सुटलेला
की तर्रीवर तेल पसरावं.
मग दोघं गायला लागले.
वरचा आवाज इतका वर
की गळ्यात काहीतरी अडकलंय असं वाटावं,
तरी सूर हलत नव्हता.

मागे खाटेवर बाबा.
सिल्लेवाड्याच्या खाणीत एकतीस वर्षं,
छाती तिथंच ठेवून आलेले.
इंग्रजीचं अक्षर नाही.
कूलरकडे पाठ करून पडले होते, उठून बसले.
"कोण गाऊन रायला बे?"
अमेरिकेतलं आहे, बाबा.
"असंल. पन खदानीतला हाय थो.
खालून वर आवाज द्या लागे आमाले, पिंजरा घ्या म्हून.
असाच द्या लागे. पातळ अन् लांब.
जाडा आवाज वर पोचेचना."

कॅसेटचा कागद उलटून पाहिला मी.
खाणीचं त्यावर काही नव्हतं,
घडीवरची अक्षरं पुसलेली होती.
बाबांशी वाद घातला नाही.

बाई दहाव्या दिवशी आल्या.
पोटाशी धरला बँजो.
नवऱ्याच्या नख्या बोटांत सैल, दोऱ्यानं आवळलेल्या.
ते वाजवायचे, मी भाजी निवडायचे, म्हणाल्या,
बघून बघून एवढंच आलं.
आणि अंगठ्यानं पाचवी तार छेडली.
परत छेडली.
खाटेवर बाबांचा श्वास, थांबत-थांबत,
तिच्या मागे-मागे.

साडेचारशे झाले.
बकरीचं आहे, जुलैत ढिलं पडेल,
तेव्हा घेऊन या, मी म्हटलं.
जुलैत, त्या म्हणाल्या, आणि पेटी लावली.
विकायचं कुणाच्याच तोंडून निघालं नाही.

कॅसेट टेपमध्येच राहिली.
अजनीला नेऊन द्यायची आहे.
बाबा म्हणतात, जाशील ना, घाई कायची हाय.